पाटीवरचे इंग्रजी

८ जानेवारी २००७, दिग्रस

डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे म्हणून लिहिते आहे. दुसरे कारण नाही. दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसांबद्दल मला कधी आदर नव्हता. ज्याच्याकडे सांगण्यासारखे असते तो सांगतो, असे मी शाळेत मुलींना शिकवत आले. आता सांगता येत नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आज नळी घालून घसा पाहिला. स्वरयंत्रावर गाठ आहे. आवाज दिवाळीपासून बसला होता. मी त्याचा दोष खडूच्या धुळीला देत होते, मग थंडीला. नागपूरला तुकडा काढून तपासल्यावर पुढचे ठरेल. तोपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचेही नाही, त्याने म्हणे जास्त ताण पडतो.

नंदकिशोर शेजारी बसून ऐकत होते. तोंडाने यजमानांचे नाव घेण्याची आमच्या पिढीत रीत नव्हती. कागदावर घ्यायला हरकत नसावी. स्टँडपर्यंत ते माझी पिशवी धरून चालत आले. दिग्रसची गाडी लागली, जागा मिळाली, तेव्हा म्हणाले, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य शेवटपर्यंत जाणार."

मी त्यांच्याकडे पाहिले. पाहणे डॉक्टरांनी बंद केलेले नाही.

९ जानेवारी

दारावर कागद लावला: वर्ग बंद आहे.

निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. आधी चार-पाच मुली येत. गेल्या दोन हंगामांत सतरंजी अपुरी पडू लागली. कापसाचा भरवसा गेला तसे सगळ्यांना इंग्रजी आठवले. अडत्याची मुलगी आणि हमालाची सून एकाच सतरंजीवर बसतात, हे मात्र कापसाच्या चांगल्या वर्षांत कधी झाले नव्हते.

माझी पद्धत जुनी आहे. जोड्या पाठ करायच्या. इंग्रजीत कोणते क्रियापद कोणत्या नामाशेजारी बसते हे ओठांवर असल्याशिवाय वाक्य उभे राहत नाही. आपण निर्णय घेतो, ते बनवतात: मेक अ डिसिजन. आपण लक्ष देतो, त्यांना ते फेडावे लागते: पे अटेन्शन. वचनही ते बनवतात, मग ठेवतात किंवा तोडतात. मी पाढ्याच्या चालीवर म्हणायचे, मुलींनी मागून म्हणायचे आणि मग प्रत्येकीने वाक्यात उपयोग करायचा. मेक अ प्रॉमिस, कीप अ प्रॉमिस, ब्रेक अ प्रॉमिस. रस्त्यावरच्या माणसाला त्यावरून कळायचे की चार वाजले.

आवाज नाही तर वर्ग नाही. मुली कागद वाचून गेल्या. एक गेली नाही.

१० जानेवारी

गेली नाही ती उर्वशी मनवर. चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली, सासर इथलेच. नवरा राजदीप जिनिंगमध्ये काट्यावर होता, कापसाच्या गाड्यांचे वजन करत असे. यंदा माल कमी आला, मालकाने माणसे कमी केली, त्यात तो गेला.

उर्वशीला एका अभ्यास संस्थेच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे. हॉलंडच्या एक बाई वर्षभर या जिल्ह्यात फिरून कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या बायकांशी बोलणार आहेत. त्यांना दुभाषी हवा. मुलाखत फेब्रुवारीत. निवड झाली तर उर्वशी इथे राहील. नाही झाली तर राजदीपने पुण्याला एका बांधकामावर चौकीदारी पाहून ठेवली आहे. तिथेच पत्र्याची खोली मिळते, दोघांनी जायचे.

"मले नाही जायचं बाई पुण्याले," ती म्हणाली. "तिथं मी चौकीदाराची बायको. इथं निदान बी.ए. तरी हाय."

मी पाटीवर लिहिले: आवाज नाही. शिकवता येणार नाही.

तिने ते वाचले, पाटी माझ्या हातात परत दिली. "पण बोलायचं तर मले हाय ना बाई. तुमाले कायले बोला लागते?"

नंदकिशोर आतून म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे." त्यांना कोणी विचारले नव्हते.

उद्या चारला ये, असे लिहिले. सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचली पाहिजे, अशी तिच्या सासूची, रुखमाबाईंची अट आहे.

११ जानेवारी

पहिला तास. मी पाटीवर जोडी लिहायची, तिने वाक्य बोलायचे. चूक झाली तर पट्टी एकदा आपटायची. बरोबर असेल तर पुसून पुढची जोडी.

टेक केअर. "वुई शुड टेक केअर ऑफ अवर एन्व्हायर्नमेंट."
मेक प्रोग्रेस. "अवर कंट्री इज मेकिंग प्रोग्रेस."
टेक अ रिस्क. "सोल्जर्स टेक अ रिस्क."

एकही चूक नाही आणि एकात जीव नाही. सगळी गाइडातली. वर प्रत्येक वाक्याला माझ्या पाढ्याची चाल. मुलाखतीत अशी गाऊ लागली तर हसे होईल. मी लिहिले: तुझे वाक्य हवे.

"हे माझंच हाय बाई. मीच पाठ केलं."

ही मुलगी होईल असे वाटत नाही.

१६ जानेवारी

हळदीकुंकवांचे दिवस. तिळगूळ हातावर ठेवायचा आणि पुढचे दोन शब्द मला म्हणता येत नाहीत. शेजारची नलू म्हणाली, "बाई, यंदा तुमचं गोड बोलणंही माफ." बायका हसल्या. नलूला मी सातवीत इंग्रजी शिकवले आहे. बऱ्याच वर्षांचे हसू साठवले असावे.

१९ जानेवारी

उर्वशी आज अडून बसली. निर्णय बनवायचा का? लक्ष फेडायचे का? चूक करायची नाही, तीही बनवायची, हे का?

मी लिहिले: कारण नाही. जोडी आहे.

"असं कसं कारण नाही?"

नंदकिशोर चहा घेऊन आले होते. "अगं, कोणाची जोडी कोणाशी जमली याला कधी कारण सापडलंय का? आमच्याकडे बघ." उर्वशी तोंडावर ओढणी धरून हसली. मी पट्टी आपटली.

मग पाटीवर लिहिले: कीप वॉच. तिला गाइडातले वाक्य आठवेना. एरवी मी पहिला शब्द काढून दिला असता. कोणी अडले की मला राहवत नाही. आज बसून राहण्याखेरीज उपाय नव्हता. तीही बसली. रस्त्याने एक मेटॅडोर गेला, कोणाची तरी सायकल गेली. मग ती चालीशिवाय, खालच्या आवाजात म्हणाली, "माय मदर-इन-लॉ कीप्स वॉच ऑन द रोड व्हेन आय कम हिअर."

वाक्य बरोबर होते. पण फार वेळ गेला. माझ्या मौनामुळे तासाला निम्म्यासुद्धा जोड्या होत नाहीत. हा मोठा दोष आहे आणि त्यावर इलाज दिसत नाही.

२४ जानेवारी

नागपूर. तुकडा काढला. परतीच्या गाडीत नंदकिशोरांनी माझ्यासाठी खिडकी धरून ठेवली आणि कळंब येईपर्यंत एकही विनोद केला नाही. झोप लागली असेल म्हणून पाहिले. जागे होते.

२९ जानेवारी

उर्वशीने गाइड आणणे बंद केले. वाक्यांचा वेग आणखी कमी झाला. मी पुढची जोडी लिहून तयार असते आणि ती अजून आधीच्याच जोडीकडे बघत असते. पण येतात ती वाक्ये तिची असतात, एवढे मान्य करायला हवे. आजची काही:

मेक टी. "माय हसबंड मेक्स टी नाऊ. ही हॅज नो अदर वर्क."
हॅव अ टॉक. "वुई हॅड अ टॉक. ही टॉक्ड टू द वॉल."
लूज वन्स टेम्पर. "ही डज नॉट लूज हिज टेम्पर. आय वेट फॉर इट."

व्याकरण निर्दोष. तिसऱ्या वाक्यात 'वेट' छान वापरले, म्हणून पाटीवर बरोबरची खूण केली. तिने खुणेकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणखी काही हवे असल्यासारखे. मी पुढची जोडी लिहिली.

१ फेब्रुवारी

राजदीप आला होता. दारातच उभा राहिला. आत ये म्हणून तीनदा खुणावले तेव्हा चपला काढल्या. सडपातळ पोरगा, नजर जमिनीकडे.

"मी तिले अडवून नाही राह्यलो मॅडम. शिकू द्या. पण घरी आली का गप बसते. पैले कशी पटपट बोले, भांडे, मले बरं वाटे. आता काही विचारलं तर पैले इतका वेळ पाहत राहते का मलेच आपलं बोलणं कसंतरी वाटते. तुमच्यावानी बसते, मॅडम."

मी लिहिले: मी लक्ष घालते.

पाटी वाचून तो जरा थांबला. "परवा तिनं असंच पाह्यलं अन् म्या सांगून टाकलं. जिनिंगमधून काढलं त्या दिवशी मी घरी नव्हतो आलो, अरुणावतीच्या धरणावर जाऊन बसलो होतो. कोनालेच नव्हतं सांगितलं थे." नंदकिशोरांनी त्याला चहा दिला. तो कप विसळून ठेवून गेला.

उर्वशीची ही सवय मोडली पाहिजे. मुलाखतीत प्रश्नानंतर असे थांबले की उत्तर येत नाही, असाच अर्थ होतो.

२ फेब्रुवारी

नंदकिशोर तपासणीचा कागद आणायला एकटेच नागपूरला गेले. मी येते म्हटले तर, म्हणजे लिहिले तर, नको म्हणाले. दिवस मावळता परत आले. कागद तयार नाही, यंत्र बिघडले आहे म्हणे. सरकारी यंत्रांचे हे नेहमीचेच.

येताना साडी आणली. निळी, नारायणपेठी काठाची. मागितली नव्हती, सण नाही. माझ्यासाठी त्यांनी स्वतः निवडलेली साडी मला आठवत नाही. रंग बरा आहे. जेवताना त्यांनी भाजीला मीठ कमी असल्याचे सांगितले नाही. माझ्या लक्षात आल्यावर मी तसे लिहिले तेव्हा म्हणाले, "छान झालीय."

५ फेब्रुवारी

नंदकिशोरांचे काहीतरी चालले आहे. आज तासाच्या शेवटी त्यांनी उर्वशीला सगळ्या जोड्या पहिल्यापासून पाढ्याच्या चालीवर म्हणायला लावल्या. मी पट्टी आपटली. तिच्या बोलण्यातली चाल काढायला मला महिना लागला आणि हे परत घालतात! मी मोठ्या अक्षरांत लिहिले: चाल नको.

"राहू दे," ते म्हणाले. "बाईंची चाल आहे ती, पोरी. विसरू नको."

उर्वशीने म्हटल्या. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांना इंग्रजीची गोडी कधीपासून लागली कळत नाही. तहसील कचेरीत सगळा जन्म मराठी टिपणांत गेला.

७ फेब्रुवारी

मुलाखतीची तालीम. नंदकिशोर खेड्यातली बाई झाले, डोक्यावर टॉवेल घेऊन. उर्वशी एकदा हॉलंडच्या बाई व्हायची आणि एकदा दुभाषी. प्रश्न इंग्रजीत, मग मराठीत, मग उत्तर उलट दिशेने.

सुरुवातीला धमाल झाली. "काय सांगू माय, आमच्या यायनं मायं एक वाक्य पुरं होऊ देलं नाही," असे टॉवेलाखालून चालले होते. माझ्यावर होते ते; मी लक्ष दिले नाही. मग उर्वशीने विचारले, "आर यू अफ्रेड ऑफ समथिंग?" आणि मराठीत, "तुमाले कायचं भेव वाटते का, मावशी?"

नंदकिशोर थांबले. टॉवेल तसाच डोक्यावर. उर्वशीही थांबली, नेहमीप्रमाणे. मला वाटले ते उत्तर जुळवत आहेत. बराच वेळ झाला. मग ते टॉवेल काढून, घडी करून आत गेले.

नाटक फार ताणले. उर्वशीने सावरून घ्यायला हवे होते. निदान प्रश्न बदलायचा. मी तसे लिहिले. तिने पाटी वाचली आणि आतल्या दाराकडे पाहिले. म्हणाली, "बाई, तुमचा नागपूरचा कागद आला का?"

मी लिहिले: यंत्र बिघडले आहे.

१० फेब्रुवारी

रुखमाबाई सुनेला परक्या जीपमधून एकटी पाठवायला तयार नव्हत्या. म्हणून मी गेले. बोलू न शकणारी सोबत कोणाला नडत नाही.

यवतमाळला सकाळी तोंडी परीक्षा झाली. दोघे उरले: उर्वशी आणि यवतमाळचा पियूष. पियूष कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, इंग्रजी असे की ऐकत राहावे. मग दोघांना जीपमधून घाटंजीकडच्या एका तांड्यावर नेले. खऱ्या घरात, खऱ्या बाईसमोर पाहायचे होते.

ती चंदाबाई. चाळिशीची असेल. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी मराठी. तिचा नवरा मागच्या हंगामात गेला. कसा गेला ते अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि कोणी उच्चारले नाही. ती सुपात तूर पाखडत होती. आम्ही आलो म्हणून थांबली नाही.

आधी पियूष. हॉलंडच्या बाईंनी दिवस कसा जातो विचारले. चंदाबाई म्हणाली, "जाते कसातरी." पियूषने त्याची चार वाक्ये केली. शी फेसेस मेनी डिफिकल्टीज. शी बेअर्स द बर्डन अलोन. शी मेक्स सॅक्रिफायसेस. जोडीला जोडी अचूक. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या एकाही विद्यार्थिनीला इतके नेमके आले नाही. माझा धीर सुटला.

मग उर्वशी. तिला खुर्ची दिली होती. ती खाली सुपाजवळ बसली. हॉलंडच्या बाईंनी थोडे घुटमळत विचारले, त्या दिवशी नवरा शेवटचे काय बोलला. उर्वशीने विचारले, "मावशी, त्या दिवशी काका तुले काय बोलले?"

चंदाबाईने उत्तर दिले नाही. सूप हलत राहिले. संस्थेच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिले. हॉलंडच्या बाई म्हणाल्या, "व्हॉट इज शी सेइंग?"

"नथिंग," उर्वशी म्हणाली. "प्लीज वेट."

मी मनात ओरडत होते. अगं, काहीतरी बोल. एक वाक्य कर. शंभर जोड्या पाठ आहेत तुला, त्यातली कुठलीही घे! महिनाभराची मेहनत त्या अंगणात बसून वाया जाताना मी बघत होते. माझे तोंड उघडलेसुद्धा. आवाज आला नाही.

सूप थांबले.

"बैल सावलीत बांध म्हने," चंदाबाई म्हणाली. "ऊन लागून राह्यलं त्याले."

"ही सेड, टाय द बुल इन द शेड," उर्वशी म्हणाली. "द सन इज ऑन हिम."

एवढेच. त्यात एक जोडी नाही. शिवाय 'बुल' नव्हे, 'बुलक' हवे होते. हॉलंडच्या बाईंनी पेन खाली ठेवले आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. गोठ्यात बैल नव्हता.

मग चंदाबाईने चहा टाकला. उर्वशीला कप देताना म्हणाली, "थो पोरगा लय बोलते व माय." पियूषला कळले, तो बिचारा हसला.

परतताना मी पाटीवर लिहिले: इतका वेळ का घालवलास?

ती म्हणाली, "बाई, तुमी बी तर असंच थांबता."

मी थांबत नाही. मला बोलता येत नाही. यात फरक आहे, आणि तो तिला कळत नाही. पुण्याला जाणार बिचारी.

१५ फेब्रुवारी

नलूकडे फोन आला. उर्वशीची निवड झाली. एक मार्चपासून काम, रविवार सुट्टी.

मी शांतपणे विचार केला. सकाळच्या तोंडी परीक्षेत तिच्या जोड्या पक्क्या आल्या असाव्यात; त्यांनी तांड्यावरची चूक पोटात घातली. पाठांतर वाया जात नाही.

राजदीप पेढे घेऊन आला. "पुण्याले नाही म्हणून कळवलं, मॅडम. आता चहा मीच करतो. हात बसला माहा." उर्वशी मागे उभी होती. तो बोलत असताना ती त्याच्याकडे पाहत होती आणि तो मधे मधे थांबत होता, पण जमिनीकडे पाहत नव्हता.

ते गेल्यावर नंदकिशोरांनी मला बसवले. कागद दोन तारखेलाच मिळाला होता. यंत्र बिघडले नव्हते.

"मुलाखत होऊ दे म्हटलं," ते म्हणाले. "तू ऐकलं असतंस तर तास बंद केला असतास."

मी केला नसता. पण ते लिहिले नाही. लिहिले: आवाज?

त्यांनी मान हलवली. स्वरयंत्र काढावे लागणार. शस्त्रक्रिया सत्तावीस तारखेला. जीव वाचेल, असे डॉक्टर खात्रीने म्हणतात.

आता टॉवेलाचे कळले, साडीचेही. तेरा दिवस हे माणूस एकटे हे घेऊन बाजारात गेले, दूध घेऊन आले, रोज चारला दारामागे बसले. मला राग यायला हवा होता. मी पाटी पुसली. मग पुन्हा पुसली; तिच्यावर काही नव्हते.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी कळवले की आता मौनाचा उपयोग नाही. शस्त्रक्रियेपर्यंत हवे तेवढे बोला.

सकाळी स्वयंपाकघरात मी म्हणाले, "चहात साखर जास्त झालीय."

आवाज माझा नव्हता, गंजलेल्या कडीचा होता. नंदकिशोर कप तसाच ठेवून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ तुळशीला पाणी घालत राहिले. सगळे पाणी बाहेर वाहून आले.

इतके दिवस वाटत होते की बोलायला मिळाले तर काय काय सांगेन. दिवसभरात दूधवाल्याशी आणि नलूशी बोलले. उरलेला वेळ दोघे ओट्यावर बसून होतो.

२१ फेब्रुवारी

उर्वशीला विचारले, रविवारचा वर्ग घेशील का. लगेच हो म्हणेल असे वाटले होते. ती नेहमीप्रमाणे थांबली.

"मी चुकीचं शिकवलं तर?"

"चुकशीलच," मी म्हणाले. "मीही चुकत असेन. मला कोण सांगणार होतं?"

"मी तुमच्यावानी रागावत नाही, बाई."

"मग पोरी शिकणार नाहीत."

"शिकतील," ती म्हणाली. मला उलट उत्तर देणारी ही पहिली विद्यार्थिनी. पूर्वी सहन केले नसते.

२५ फेब्रुवारी, रविवार

दारावरचा कागद काढला. चार वाजता मुली आल्या, जुन्या सगळ्या आणि काही नव्या. निळी साडी नेसले होते. मी सगळ्या जोड्या एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने म्हटल्या. दोनदा आवाज पार गेला. तेव्हा पुढची जोडी कोणी म्हणेल असे वाटले, पण उर्वशी हात वर करून मुलींना थांबवत होती. सगळी खोली माझ्यासाठी थांबली. आवाज परत आला तिथून पुढे म्हटले. मुलींनी मागून म्हटल्या. नंदकिशोर दारामागे नव्हते, सतरंजीवर शेवटच्या रांगेत होते आणि त्यांचे उच्चार भयंकर आहेत.

मुख्याध्यापिका असताना कार्यभार सोपवल्याची नोंद मी नेहमी स्वतः लिहिली. तशी आज लिहिली:

आज रोजी इंग्रजी संभाषणाचा वर्ग पुढीलप्रमाणे सोपवला. पुढच्या खोलीची एक किल्ली, दुसरी घरात राहील. सतरंजी, एका कोपऱ्याला उसवलेली. फळा, खडूचा डबा, पाटी. पट्टी घेण्यास घेणारीने नकार दिला, म्हणून ती दिली नाही. सर्व जोड्या, तोंडी, एकदा. विद्यार्थिनी हजर होत्या तितक्या. देणार: सुनीती पांढरीपांडे. घेणार: उर्वशी राजदीप मनवर.

तिने सही केली. आणि मला न विचारता वर 'सोपवला' या शब्दाच्या आधी बारीक अक्षरात लिहिले: तात्पुरता.

नोंदीच्या दृष्टीने शब्द चुकीचा आहे. मी तो खोडला नाही.